ग्लेनिसच्या यादीतले नाव

थेंब घातल्यावर तासभर काही वाचता येणार नाही, असे नर्सने सांगितले होते, आणि नेमका त्याच तासात मर्व्हिनचा फोन खिशात थरथरला. मेलबर्नच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, भिंतीशी ओळीने मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर तो बसला होता. फोन त्याने लांब धरून पाहिला, नाकाशी आणून पाहिला. पांढरा पडदा आणि त्यावर काळ्या मुंग्यांची रांग, यापलीकडे काही दिसेना. मेंढ्या रस्त्यावर आल्या असतील, असे त्याला वाटले. शेजारच्या शेतावरच्या क्रेगशिवाय त्याला दिवसा संदेश पाठवणारे कुणी उरले नव्हते, आणि क्रेग पाठवायचा तो मेंढ्यांबद्दलच. शेजारी एक बाई बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर मोठी पिशवी. नवरा आत गेला होता तिचा. मर्व्हिनने तिच्यापुढे फोन धरला.

"एवढं वाचून दाखवता का? मला थेंब घातलेत."

बाईने चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखे एकेक शब्द सुटा करून वाचले. "मर्व, कळलं का? जिलाँगवाले बुडाले. आज सकाळी कंपनीवर प्रशासक बसले. सगळी देणी थांबवलीत. आपलं जुलैचं काय? फोन कर. क्रेग." तिने फोन परत दिला. "वाईट बातमी आहे का? घरातलं कुणी आहे का?"

"नाही. मसूर घेणारे आहेत."

"मसूर?" बाईचा आवाज बदलला. "तुम्ही पिकवता? आमच्याकडे रोज लागतो. कांदा परतून. तुम्ही कसा करता?"

"आम्ही खात नाही," मर्व्हिन म्हणाला.

बाई हसली असावी. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. पंचवीस वर्षे तो मसूर पेरत होता आणि या पंचवीस वर्षांत तो एकदाच ताटात आला होता. त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, कुठल्याशा मासिकात बघून सूप केले होते. त्याने दोन चमचे खाऊन सांगितले होते की तळ्यातला गाळ याच रंगाचा असतो. तिने त्याची वाटी उचलली, स्वतः संपवली, आणि वर म्हणाली, "लोक पैसे मोजून घेतात म्हणजे काहीतरी असेलच की त्यात." हे आत्ता का आठवावे ते त्याला कळेना. डोक्यात गाळाच्या रंगाचे सूप होते.

पैशाचा विचार त्याच्या मनात आधी आलाच नाही, हे नंतर त्याला विचित्र वाटले. दोनशे ऐंशी टन म्हणजे वर्षाचे जवळजवळ सगळे पीक होते. पण पहिल्यांदा आला तो क्रेगचा 'आपलं' हा शब्द. क्रेगचा मसूर त्याच्यापेक्षा जास्त होता, चारशेच्या वर. क्रेगने दोन वर्षांपूर्वी बापाच्या जमिनीतला दोन्ही भावांचा वाटा विकत घ्यायचे ठरवले होते. एक भाऊ पर्थला खाणीत, दुसरा इथेच मेलबर्नला शिक्षक. पहिला हप्ता जुलैच्या शेवटी द्यायचा होता. क्रेगने जिलाँगवाल्यांना माल दिला, कारण त्याने मर्व्हिनला विचारले होते, आणि मर्व्हिनने हो म्हटले होते. खरे तर त्याने मर्व्हिनला विचारलेच नव्हते. त्याने ग्लेनिसला विचारले होते, आणि ग्लेनिस मेलेली असल्यामुळे उत्तर मर्व्हिनने दिले होते.

गहू विकायला सरकारी मंडळ होते तेव्हा त्यांच्या विमेरा भागातल्या कुणाही शेतकऱ्याला खरीददार कसा आहे याची चिंता नव्हती. धान्य सायलोच्या कोठारात टाकायचे आणि घरी जायचे, पैसे येत. मसूर आला, नंतर मंडळाची सक्तीही गेली, आणि फोनवर नवे नवे लोक भाव सांगू लागले. कुणी दोन वर्षे टिकत, कुणी दहा. एका वर्षी बार्लीचे पैसे बुडाले आणि तेव्हापासून विक्रीचे काम ग्लेनिसने आपल्याकडे घेतले. "तू भाव ऐकतोस," ती म्हणाली होती, "आणि तिथेच तुझे कान बंद होतात." तिची पद्धत अगदी साधी होती. पहिल्या ट्रकचे पैसे खात्यात पडल्याशिवाय दुसरा ट्रक निघायचा नाही. पिकाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकाला द्यायचे नाही. आणि नवा माणूस आला की त्याच्याबद्दल त्याच्या गिऱ्हाइकांना विचारायचे नाही, ट्रकवाल्यांच्या बायकांना विचारायचे. धंदा खिळखिळा झाला की कंपनी शेतकऱ्याला सर्वांत शेवटी बुडवते, सर्वांत आधी बुडवते ट्रकवाल्याला, असे तिचे म्हणणे. मग ती सकाळी नऊला कंपनीत फोन लावायची, काहीतरी फालतू विचारायची, आणि फोन कोण उचलतो ते ऐकायची. ऑफिसातली मुलगी उचलत असेल तर ठीक. एरवी मुलगी उचलायची आणि आता मालक स्वतःच उचलतो आहे, तर ग्लेनिस फोन ठेवून त्या नावावर काट मारायची. शिवाय प्रत्येक विक्रीची सरकारी नोंद करायची, की पैसे मिळेपर्यंत माल आमचा आहे. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचे काम आणि सहा डॉलर फी. मर्व्हिनला ती हाक मारायची, "ये, बघून ठेव, शिकून घे." तो म्हणायचा, "तू आहेस ना."

ही यादी ती फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायची. साखर, मैदा, जॅमच्या बाटल्या, आणि दारावर चिकटपट्टीने लावलेला कागद. नाव, आणि नावापुढे खुणा. तीन खुणा म्हणजे तीन वर्षे वेळेवर दिले. तालुक्यात सगळ्यांना ती यादी माहीत होती आणि तिच्याबद्दल कुणी कधी उघड बोलत नसे, कारण दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसणे इथे बरे दिसत नाही. लोक चहाला यायचे. एखादा तगडा बाप्या, जन्मात कपात साखर न घातलेला, उठून म्हणायचा, "बस ग्लेनिस, मीच घेतो साखर," आणि फडताळ उघडून त्यात डोके घालून उभा राहायचा. ग्लेनिस पाठ करून भांडी विसळत राहायची. "सापडली का रे?" ती विचारायची. "सापडली, सापडली." आणि साखर न घेताच माणूस परत येऊन बसायचा. रात्री झोपताना ती हसायची. "आज किती साखर गेली बघ," म्हणायची.

"हाइनरिक!" नर्सने त्याचे आडनाव पुकारले. मर्व्हिन उठला. आत डॉक्टरने त्याची हनुवटी एका लोखंडी कपात ठेवली आणि प्रकाशाचा पट्टा डोळ्यात घातला. वर बघा. खाली बघा. माझ्या कानाकडे बघा. डोळ्यातून पाणी वाहू लागले. "होतं असं," डॉक्टर म्हणाली, "उजेडाने येतं." तिने कागद दिला पुसायला. मर्व्हिनने पुसले. उजेडाने येते हे ठीकच होते. बरेच झाले की कारण तयार होते. गेल्या ऑगस्टपासून त्याला कुठे, कसे रडावे ते कळलेच नव्हते. चर्चमध्ये नाही, स्मशानात नाही. हार्वेस्टरच्या केबिनमध्ये एकदा सुरू झाले तेव्हा समोर ओळ वाकडी गेली आणि ती वाकडी ओळ रस्त्यावरून दिसत होती, म्हणून त्याने लगेच आवरले होते.

मार्चमध्ये पोटदुखी, एप्रिलमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ग्लेनिस गेली. शेवटपर्यंत तिचे डोके लख्ख होते. होर्शमच्या दवाखान्यात, गेली त्याच्या चार दिवस आधी, ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "मर्व, या वर्षी नवीन कुणाला देऊ नकोस. जुने तिघं आहेत, त्यांनाच दे. भाव कमी आला तरी दे. आणि फोन उचलणाऱ्याकडे लक्ष ठेव." तो म्हणाला, "बरं." ती म्हणाली, "नुसतं बरं नको म्हणूस. सांग परत." शाळेतल्या मुलासारखे त्याने परत सांगितले. नवीन कुणाला नाही. जुने तिघे. फोन. मग ती झोपली. औषधांमुळे नव्हे, दमून झोपली. हा फरक त्याला माहीत होता, कारण तो शेजारी बसून होता.

डिसेंबरात रसेल आला. जिलाँगवाल्यांचा माणूस, पस्तिशीचा, धूळ बसलेली गाडी. मर्व्हिन शेडजवळ हार्वेस्टरच्या पट्ट्याशी झटत होता. भाव सांगून जाईल, असे त्याला वाटले होते. रसेलने टोपी काढली आणि म्हणाला, "तुमच्या मिसेसचं कळलं. ग्लेनिस ना? मी त्यांना कधी भेटलो नाही. कशा होत्या?" एवढेच. चार महिन्यांत हे कुणी विचारले नव्हते. लोकांनी मटण आणून दिले, सूप आणले, लिंबाचे केक आणले, डीप फ्रीझर भरून गेला. पुरुष येऊन बुटांकडे बघत पावसाचे बोलले. कशी होती, हे कुणी विचारले नाही, कारण सगळ्यांनाच ती माहीत होती. तिचे नाव निघाले की लोक घसा खाकरून दुसरे काही काढत. रसेलला ती माहीत नव्हती, म्हणून त्याला सांगता आली. मर्व्हिन पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि दोन तास बोलला. लग्नाआधी ती पोस्टात होती. नेटबॉलमध्ये सगळे मैदान पळून काढायची. पोरीच्या जन्माच्या वेळी ती स्वतः गाडी चालवत होर्शमला गेली, कारण तो पेरणीवर होता आणि तिने कुणाला सांगितलेच नाही. रसेल ऐकत होता. घाई केली नाही, घड्याळ पाहिले नाही. शेवटी त्याने टनाला चाळीस डॉलर जास्त सांगितले, आणि म्हणाला की पैसे नव्या आर्थिक वर्षात, जुलैत घेतले तर कराच्या दृष्टीने सोयीचे पडेल. इथे सगळेच तसे करतात. ग्लेनिसही करायची, पण फक्त तीन खुणांच्या माणसांशी आणि नोंद करून. मर्व्हिनने पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळाच्या सगळा माल लिहून दिला. पहिला ट्रक, दुसरा ट्रक काही ठरवले नाही. त्या माणसाने तिचे नाव दहा वेळा घेतले होते. पैशाची शंका काढणे म्हणजे त्या दोन तासांची शंका काढण्यासारखे झाले असते.

हे त्याने कुणाला सांगितले नव्हते, आणि सांगता येण्यासारखेही नव्हते. दुपारी दवाखान्याखाली लीअॅन गाडी घेऊन आली. त्याची एकुलती मुलगी, नगरपालिकेत नोकरीला. गाडीत बसल्या बसल्या त्याने तिला बातमी सांगितली. ट्रामच्या मागे थांबली तेव्हा ती म्हणाली, "नोंद केली होतीस, डॅड?"

"नाही."

"सहा डॉलर, डॅड."

"माहितीय मला किती डॉलर ते."

"मला फोन करायचास. मी करून दिली असती इथून."

तिने एका हाताने त्याचा गुडघा दाबला आणि गिअर बदलला. बाहेर उजेड इतका तीव्र होता की त्याने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे जानेवारीतली ती दुपार आली. बेचाळीस अंश उष्मा. क्रेगचा फोन. मागे हार्वेस्टरचा आवाज, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. "मर्व! जिलाँगवाले चाळीस जास्त देतायत. दारावर आहेत का रे?" मर्व्हिन स्वयंपाकघरात उभा होता, हातात पाण्याचा पेला. दार बंद होते. ते उघडून बघायचीही गरज नव्हती. यादीत काय आहे ते त्याला पाठ होते. "आहेत," तो म्हणाला. "ग्लेनिसने घातलंय?" "हो." "मग झालं की! ग्लेनिसचं भूत पण आपल्यापेक्षा हुशार," क्रेग हसला, आणि लगेच गप्प झाला. "सॉरी, गड्या." "असू दे," मर्व्हिन म्हणाला.

का म्हणाला तो हो? या प्रश्नापाशी तो सहा महिने येत होता आणि बाजूने निघून जात होता. क्रेगला फसवायचे नव्हते. स्वतःचा माल त्याने त्याच माणसाला दिलेला होता, म्हणजे वाईट हेतू नव्हताच. एवढेच होते की ऑगस्टपासून कुणी दाराबद्दल विचारले नव्हते. लोक चहाला येत, पण आता साखर घ्यायला कुणी उठत नसे. आणि क्रेगने ज्या सुरात विचारले त्या सुरात ग्लेनिस घरात होती. शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. 'नाही' म्हटले असते तर ती मेली असती. म्हणून तो 'हो' म्हणाला, आणि तेवढ्यापुरती ती मेली नाही. पण पुढच्याच गुरुवारी क्रेगची बायको नरेल चर्चच्या फुलांची पाळी कुणाची ते विचारायला येणार होती. ती फडताळ उघडेल. मर्व्हिनने ग्लेनिसचे निळे पेन शोधले आणि तिच्यासारख्या मोठ्या अक्षरांत, तिसऱ्या नावाखाली, जिलाँगवाल्यांचे नाव लिहिले. पुढे एक खूण केली. अक्षर हुबेहूब जमले. एकोणचाळीस वर्षे त्याने ते अक्षर पाहिले होते. नरेल आली, चहा घेतला, म्हणाली, "थांब, साखर मी घेते," आणि फडताळात डोके घालून उभी राहिली. मर्व्हिन भांडी विसळू लागला. "सापडली का?" त्याने विचारले. नरेल बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "तिचं अक्षर बघून कसंतरी झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो परत निघाला. लीअॅन म्हणाली, राहा आठवडाभर. तो म्हणाला, मेंढ्या आहेत. बॅलरटच्या पुढे जमीन सपाट होत गेली आणि त्याला श्वास नीट घेता आला. शेतांत मसुराचे हिरवे पिसारे दोन-तीन इंच वर आले होते. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या शेतांतही वर आले होते. त्याचेही असेच वर आलेले असणार. गाडीत एका माणसाने पेपर उघडला होता आणि त्यात जिलाँगवाल्यांच्या गोदामाचा फोटो होता. मर्व्हिनने तो ओळखला नाही, कारण तो तिथे कधी गेलाच नव्हता. ग्लेनिस गेली असती. रविवारी सहलीचे निमित्त करून, थर्मासमध्ये चहा भरून, लांबून गोदाम बघून आली असती. कुंपणाला गवत वाढले आहे का, ट्रक किती उभे आहेत.

दहा दिवसांनी होर्शमच्या क्लबच्या हॉलमध्ये सभा झाली. ज्यांचे पैसे अडकले त्या सगळ्यांना बोलावले होते. शंभरेक माणसे, बहुतेक पुरुष टोपी मांडीवर घेऊन. प्रशासक चाळिशीचा, स्वच्छ कातडी बूट घातलेला. त्याने पडद्यावर आकडे दाखवले. ज्यांनी मालाची नोंद केली होती ते वरच्या ओळीत. नोंद न केलेले सगळ्यांत खाली, बँकेच्या आणि नोकरांच्या पगाराच्या नंतर. डॉलरमागे किती सेंट मिळतील ते आत्ता सांगता येणार नाही, तो म्हणाला, पण फार आशा ठेवू नका. मर्व्हिनच्या मागे कुणीतरी म्हणाले, "बूट बघ त्याचे. आपल्याच मसुरातले दिसतायत." "माझ्या मसुरातले असतील तर डावा माझा," दुसरा म्हणाला. चारपाच जण हसले. हसणे लगेच विझले.

चहाच्या वेळी लोक घोळक्याने उभे राहिले. क्रेग कपात बिस्किट बुडवून विसरला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हेक नावाचा एक म्हातारा, तालुक्यात कुणाच्या बोलण्यात न येणारा, मर्व्हिनजवळ आला. "मर्व, मी पण तुझ्या दाराच्या भरवशावर गेलो रे. नरेलने सांगितलं की आहेत म्हणून. म्हणजे ग्लेनिसचं पण चुकलं म्हणायचं."

"तिच्याबद्दल काही बोलू नका हां," नरेल मध्येच म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तिला कशाला बोलायचं? आजारी होती ती. केवढ्या गोळ्या चालू होत्या तिला! अशा माणसाला काय भान राहणार? चुकून लिहिलं असेल बिचारीने. आपणच वेडे. आजारी बाईच्या अक्षरावर विसंबलो." तिने मर्व्हिनचा दंड धरला. "आम्ही तिला दोष देत नाही, मर्व. कुणीच देत नाही. शेवटी शेवटी तिला नीट कळत नव्हतं, हो ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दयेने बघत होते. मर्व्हिनला दवाखान्यातली ती उशी दिसली, आणि तिच्यावर टेकून बसलेली ग्लेनिस. सांग परत, म्हणणारी. तोंड उघडले की दुसरेच काही बाहेर येईल अशी त्याची खात्री होती. आपण आता बोलणार, असे त्याने स्वतःला सांगितलेही.

"हो," तो म्हणाला.

हेकने मान हलवली. "माझी मार्था पण तशीच होती शेवटी," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर थोपटून केकच्या टेबलाकडे गेला.

त्यानंतर तालुक्यात हे ठरून गेले. दुकानात, पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायरीवर. कुणी वाईट बोलत नव्हते. वाईट बोलले असते तर त्याला उलट उत्तर देता आले असते. ते कनवाळूपणे बोलत. ग्लेनिसची यादी चांगली होती, पण शेवटी माणूसच ना. आधीची वीस वर्षे नशीब चांगले होते तिचे, असेही एकजण म्हणाला. वीस वर्षांच्या त्या नऊ वाजताच्या फोनांचे, ट्रकवाल्यांच्या बायकांशी मारलेल्या गप्पांचे आता नशीब झाले होते. मर्व्हिनने घरात पाऊल टाकले की वाटे, ती पाठ करून उभी आहे आणि वळत नाही. पूर्वी ती घरात आहे असे वाटायचे तेव्हा बरे वाटायचे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, तो सांगायचेच म्हणून क्रेगकडे गेला. गाडीत वाक्य पाठ केले. ते मी लिहिलं होतं, नरेल. ग्लेनिसने नाही. सरळ वाक्य होते, अडकण्यासारखे त्यात काही नव्हते. क्रेग मेंढ्यांच्या आवारात होता. नरेल स्वयंपाकघरात एकटी होती, अंगात निळा कोट, छातीवर नावाची पट्टी. तिने होर्शमच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकाची नोकरी धरली होती, आठवड्याला चार सकाळी. "पंचेचाळीस म्हाताऱ्यांचे बटाटे कुस्करते," ती म्हणाली. "तू पण ये लवकर, ओळखीने जास्त वाढीन." पर्थच्या भावाने वर्षभर थांबायचे कबूल केले होते. मेलबर्नच्या भावाने नाही. ओढ्याकाठचा तुकडा, क्रेगच्या बापाने झाडे लावलेला, त्याला परत द्यायचा आणि तो बाहेरच्या कुणाला विकणार, असे ठरले होते. हे तिने चहा ओतता ओतता सांगितले. मग समोर बसली.

"एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "मी ठरवलं होतं की ग्लेनिससारखं करायचं. वही केली. एका कंपनीत नऊ वाजता फोन पण लावला."

"कुणी उचलला?" मर्व्हिनने विचारले.

"मुलीने. छान बोलली. मग मी फोन ठेवला आणि वाटलं, ह्याला काय अर्थ आहे? ग्लेनिसला जमलं नाही ते मला काय जमणार. ती एवढी हुशार, आणि हे सगळं करूनसुद्धा फसलीच ना. वही पोराला दिली चित्रं काढायला. क्रेग म्हणतो, पुढच्या हंगामात जो पहिला येईल त्याला देऊन टाकू, नशिबात असेल ते होईल."

मर्व्हिनने कप खाली ठेवला. आता वाक्य ओठांवर होते. आता ते फक्त ग्लेनिसच्या नावापुरते राहिलेले नव्हते. समोर बसलेल्या बाईचा पुढचा हंगाम त्यात होता, आणि त्याच्यानंतरचाही. तिला एवढेच कळायला हवे होते की ती पद्धत फसली नव्हती, ती वापरलीच गेली नव्हती. "नरेल," तो म्हणाला.

"बोल ना."

तिने त्याच्याकडे पाहिले. ग्लेनिसच्या अंत्यविधीला चर्चच्या स्वयंपाकघरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हीच उभी होती. ग्लेनिसचे कपडे तिनेच आवरून दिले होते, आणि एक स्वेटर मर्व्हिनने मागितला नव्हता तरी मागे ठेवला होता. तिच्या नजरेत त्याच्यासाठी जे काही होते ते एका वाक्याने जाणार होते, आणि त्याच्याकडे दुसरे कुणाचे तसे काही उरले नव्हते. दार लोटून क्रेग आत आला, हाताला लोकरीचे तेल, म्हणाला, "अरे मर्व! बरा आलास. एक मेंढी उलटी पडलीय, दोघं लागतील." मर्व्हिन उठला. दोघांनी मेंढी सरळ केली, ती पाय थरथरवत उभी राहीपर्यंत तिला धरून ठेवले. क्रेग म्हणाला, "सोड आता, राहील उभी." मर्व्हिनने सोडले. मग तो गाडीत बसला आणि घरी आला.

अडकलेल्या पैशाच्या दाव्याचा कागद त्याने भरून प्रशासकाला पाठवला. त्यावर पिकाचे वजन, तारीख आणि सही एवढेच विचारलेले होते. भाव सांगणाऱ्यांचे फोन आता पुन्हा सुरू झाले आहेत, त्याला येतात तसे क्रेगलाही येत असणार. क्रेगकडे जाऊन आल्याला तीन गुरुवार झाले. ग्लेनिसने त्या जिलाँगवाल्यांचे नाव कधी ऐकलेसुद्धा नव्हते, हे त्याने नरेलला अजून सांगितलेले नाही.